खेड्यातल्या कॉलेजात लांब पल्ल्याची कोच व्हायचं आहे. यावर आयुष्य काढता येतं का?

पांदणरस्ता (घाटंजी, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी बी.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदवीच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजकडून ५००० मीटर आणि क्रॉस कंट्री धावले, विद्यापीठाच्या चमूत निवडही झाली होती. पुढे एम.पी.एड. करून तालुक्याच्या एखाद्या कॉलेजात लांब पल्ल्याच्या मुलामुलींना शिकवायचं, हे मनात पक्कं आहे.

घरी मात्र पोलीस भरतीचा फॉर्म भर म्हणतात. बाबांचं म्हणणं मला समजतं. चार एकर कोरडवाहू, लहान भाऊ आयटीआयला. आमच्या गावात पहाटे पोरी धावतात त्या भरतीसाठीच, आणि भरती झाली किंवा हुकली की धावणं बंद. मला ते बंद होऊ द्यायचं नाही, स्वतःचंही आणि त्यांचंही.

या कामात असलेल्यांनी सांगा: नोकरीचा मार्ग कसा असतो, रोजचं काम काय असतं, आणि सिंथेटिक ट्रॅक नसलेल्या गावात राहून खरंच धावपटू घडतात का?

---

तासिकावाला (वाशीम)

ताई, नोकरीपुरतं सांगतो. अनुदानित कॉलेजात पद असतं शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाचं. त्यासाठी एम.पी.एड.ला ५५ टक्के, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि आंतरमहाविद्यालयीन किंवा आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळल्याचा पुरावा लागतो. शिवाय शारीरिक क्षमता चाचणी असते. तिशीच्या आतल्या महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर, पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर. ती तुम्ही झोपेतून उठूनही द्याल.

कायम पद मिळालं तर सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० पासून सुरू होतो. पण पद कधी निघेल याचा भरवसा नाही. मधली वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर काढावी लागतात. त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत हाती काही येत नाही. मी तेच करतो आहे आणि जोडीला सकाळी एका इंग्रजी शाळेत जातो. स्पर्धांची सगळी प्रमाणपत्रं आत्ताच एका फायलीत लावून ठेवा, विद्यापीठाच्या चमूचं तर आधी. पुढे कॉलेजातून दुसरी प्रत काढताना फार वेळ जातो.

---

फक्की (दिग्रस, जि. यवतमाळ)

बेटा, मी १९९७ पासून एका तालुक्याच्या कॉलेजात हेच काम करते आहे. नोकरीचं वरच्या भावाने नीट सांगितलं, त्यात एवढीच भर घालते: जमलं तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा कर. वर्षभर जमत नसेल तर तिथलाच सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स कर. बी.पी.एड., एम.पी.एड.ने शिक्षक होता येतं. धावणाऱ्या माणसाला वर्षभराचं वेळापत्रक कसं लावून द्यायचं, ते शिकायला वेगळं बसावं लागतं.

एक गोष्ट आधीच समजून घे. आपल्याकडे कोणतंही कॉलेज ‘लांब पल्ल्याची कोच’ म्हणून कुणाला नेमत नाही. तुला कबड्डीचा संघ न्यायचा आहे, खो-खोचा, व्हॉलीबॉलचा, बुद्धिबळाचाही. ॲडमिशनच्या दिवसांत टेबलावर बसायचं, परीक्षेत पर्यवेक्षण करायचं, कॉलेजचा दर्जा तपासणारी नॅकची समिती येणार म्हटलं की महिनाभर फायली लावायच्या. हे सगळं तुझंच काम आहे आणि ते मनापासून करायचं, कारण त्याच्याच जोरावर प्राचार्य पहाटेच्या मैदानाची किल्ली तुझ्या हातात देतात. धावण्याचं कोचिंग पहाटे पाच ते सात. ते दोन तास तुझे.

आता ट्रॅकचं. नागपूरला मानकापूरला सिंथेटिक ट्रॅक आहे, आपल्या पोरी तो पहिल्यांदा पाहतात तो स्पर्धेलाच. हरकत नाही. लांब पल्ल्याच्या धावपटूला वर्षातले बहुतेक किलोमीटर ट्रॅकवर काढायचेच नसतात. पांदणीचा मऊ रस्ता, मुरमाची बरड, कॅनॉलच्या काठची वाट, हे डांबरापेक्षा पायाला कितीतरी चांगलं. अडचण येते ती पावसाळ्यात. काळी माती बुटाला चिकटली की एकेक बूट किलोभर होतो आणि पाऊल वाकडं पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही मुरमाच्या चढावर जातो, नाहीतर गाड्या कमी असलेल्या डांबरी रस्त्यावर, तेही थोडंच. उन्हाळ्यात सहा वाजता सुद्धा हवा तापायला लागते. मार्चपासून पुढे दहा-बारा दिवस शरीराला सवय होऊ देते, मग हळूहळू वाढवते.

आपल्या भागातल्या धावण्याचं सगळ्यात मोठं नुकसान कशाने होतं म्हणशील तर मुलांच्या भरतीतले १६०० मीटर रोज जोर लावून पळण्याने. पोरगं बारावी झालं की भरतीच्या मैदानावर जातं, घड्याळ लावतं, १६०० जीव तोडून पळतं. दुसऱ्या दिवशी परत तेच. पहिले दोन महिने वेळ कमी होते म्हणून हुरूप येतो. मग वेळ अडते, नडगी दुखायला लागते, पोरगं अजून जोर लावतं. हृदय, फुप्फुसं आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात त्या सावकाश आणि लांब धावण्याने. तो पायाच न घालता वरचा मजला बांधायला घेतला तर दुसरं काय होणार? दम असतो, मन असतं, आणि विसाव्या वर्षी ते पोरगं ‘माझ्याने आता होत नाही’ म्हणून घरी बसतं. याचा मला राग येतो, आजही येतो.

म्हणून माझ्याकडे पहिल्या वर्षाची मुलगी आली की घड्याळ काढून ठेव म्हणते. शेजारणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल एवढ्याच वेगाने धावायचं. आठवड्यातले बहुतेक दिवस असेच. रविवारी लांब, आधी सहा-सात किलोमीटर, वर्षाच्या शेवटी बारा ते चौदा. एक दिवस बरडीवर चढ. वेगाचा दिवस आठवड्यात एकच, तोही दिवाळीच्या आगेमागे सुरू. मुली कंटाळतात, आईबाप विचारतात की हे काय चाललंय, पोरगी तर नुसती हिंडते. दुसऱ्या वर्षी क्रॉस कंट्रीचे १० किलोमीटर ती मधे न थांबता धावते तेव्हा कुणी विचारत नाही.

तीन वर्षं फार थोडी असतात. पदवीची तीन, एम.ए. केलं तर पाच. त्यात दरवर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर कपाशीची वेचणी, त्याआधी सोयाबीनची सोंगणी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नेमक्या याच काळात. मुलगी दिवसभर वाकून कापूस वेचते, कमरेला ओटी बांधून. ती मजुरी घरात लागते आणि तिला ‘वेचणीला जाऊ नको’ म्हणण्याचा अधिकार मला नाही. म्हणून मी वेचणी हीच मेहनत धरते. त्या आठवड्यात चढ बंद, वेगाचा दिवस पुढे ढकलायचा, पहाटे फक्त अर्धा तास हलकं. पुस्तकातल्या वेळापत्रकात वेचणी नसते, आपल्या वहीत ती असायलाच हवी. प्रत्येकीच्या पानावर मी शेताचं कामही लिहिते, झोपही, आणि पाळीची तारीखही. दोन-तीन महिने पाळी आली नाही तर पोटाला कमी पडतं आहे असं समजायचं, धावणं कमी करायचं, खाणं वाढवायचं आणि डॉक्टरकडे पाठवायचं. हे बोलायला बाई कोच असली की मुली मोकळ्या होतात. तुझी गरज आहे ती यासाठीही.

रक्ताचं तर कधीच विसरू नकोस. मुलगी सारखी दमते, चढावर पाय जड होतात, तिला आळशी म्हणायच्या आधी हिमोग्लोबिन बघ. बाईचं १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. माझ्याकडे नवीन येणाऱ्या मुलींत हे इतकं दिसतं की तपासणी झाल्याशिवाय मी मोठं धावणं देतच नाही. लोहाच्या गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात. जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू पिळायचं. भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, शेंगदाणे-गूळ, फुटाणे, यावरच आमच्या मुली धावतात. बाजारातले डबे घ्यायला मी सांगत नाही.

दुसरं सिकलसेल, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. विदर्भात काम करणाऱ्या कोचला हे माहीत नसेल तर त्याने मैदानावर उभं राहू नये, इतकं मी स्पष्ट बोलते. एसएस पॅटर्न म्हणजे आजार. अशा मुलीला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मेहनतीचं धावणं द्यायचंच नाही. एएस म्हणजे वाहक. ती एरवी अगदी ठणठणीत असते, धावू शकते, चांगली धावू शकते. पण कडक उन्हात, पाणी न पिता, एकामागून एक जोराच्या फेऱ्या मारल्या तर कोसळू शकते, आणि ते जिवावर बेतू शकतं. तिला मेहनत सावकाश वाढवायची, दोन फेऱ्यांमध्ये पुरता दम खाऊ द्यायचा. पाय गळाल्यासारखे झाले, गोळे आले असं ती म्हणाली की त्याच क्षणी थांबवायचं, सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं आणि दवाखान्याला कळवायचं. ‘जरा जोर लाव, होईल’ हे शब्द तिथे तोंडातून निघता कामा नयेत.

तू विचारलंस, खेड्यात राहून खरंच धावपटू घडतात का. आपल्या राज्यातलंच बघ. अविनाश साबळे बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, शाळेला सहा किलोमीटर जायचा. धावण्याकडे तो वळला लष्करात गेल्यावर, आणि २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचं (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) रौप्य ८ मिनिटं ११.२० सेकंदांत घेतलं. ललिता बाबर माण तालुक्यातली, २०१६ ला रिओत त्याच शर्यतीत अंतिम फेरीत दहावी. दोन्ही तालुके दुष्काळी.

आणि कॉलेजच्या कोचचं आयुष्य कसं असू शकतं हे बघायचं तर मला जो विजिल आठवतात. अमेरिकेत कोलोराडोमध्ये अलामोसा नावाचं साडेसात हजार फुटांवरचं शेतकरी गाव, तिथल्या ॲडम्स स्टेट या छोट्या कॉलेजात ते शिकवायचे. आधी तिथल्याच हायस्कूलात शिक्षक होते. मोठ्या विद्यापीठांकडे जाणारी पोरं त्यांच्याकडे कुठून येणार? तरी त्यांच्या संघांनी १९ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. १९९२ च्या राष्ट्रीय क्रॉस कंट्रीत पहिले पाचही त्यांचेच. तिथे पहिल्या पाच धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज करतात, म्हणजे एक ते पाच मिळून १५, याहून कमी होऊच शकत नाही. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घडवलेल्या डीना कॅस्टरने २००४ ला अथेन्सला मॅरेथॉनचं कांस्य घेतलं. मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते हे की त्यांनी शरीरविज्ञानात डॉक्टरेट केली आणि धावपटूंना वर्गात बसवून शिकवलं. आपलं हृदय काय करतं, ऑक्सिजन कुठे जातो, आजचं धावणं कशासाठी आहे, हे धावणाऱ्याला कळलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. मीही शनिवारी वीस मिनिटं फळ्यावर शिकवते. मुली भाकरीचा डबा उघडून बसतात आणि लिहून घेतात.

केनियातल्या इटेनचे ब्रदर कोल्म ओकॉनेल तर आयर्लंडहून १९७६ ला भूगोल शिकवायला आले होते. ॲथलेटिक्सचं प्रशिक्षण घेतलेलं नव्हतं. पोरांना धावताना बघत बघत शिकले. पुढे त्यांच्या डेव्हिड रुडिशाने लंडनला २०१२ मध्ये ८०० मीटर १ मिनिट ४०.९१ सेकंदांत धावून विश्वविक्रम केला.

माझ्याकडून कुणी ऑलिम्पिकला गेलं नाही. विद्यापीठाच्या चमूत गेल्या, राज्यातल्या विद्यापीठांच्या अश्वमेध स्पर्धेला गेल्या, दोघीतिघी आता स्वतः शाळेत क्रीडा शिक्षिका आहेत. एकीने लग्नानंतर सासरच्या गावात पहाटे बायांना घेऊन धावणं सुरू केलं, लुगडी सांभाळत चालणाऱ्या बाया आता पायात बूट घालतात. ही बाई माझ्याकडे आली तेव्हा वर्गात उभी राहून स्वतःचं नाव सांगायला घाबरायची.

बाबांशी भांडू नकोस. फॉर्म भर. महिलांना ८०० मीटर आहे, तुझ्या पायांना ते जमेल. पोलीस दलाचे ॲथलेटिक्सचे संघ असतात, शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि तालुका क्रीडा अधिकाऱ्याचं पद एमपीएससीतून भरतात. पण एम.पी.एड.चा प्रवेश त्यासाठी सोडू नकोस. आणि बाबांना एकदा तुझ्या शर्यतीला घेऊन जा. बरेच बाप लेकीला धावताना कधी बघतच नाहीत.

---

शिटीवाला (काटोलकडचा)

मॅडम, तुमी १६००चं जे लिवलं ना, ते माह्या डोळ्यापुढचं हाय. मी आज पोलिसात हाओ. आमच्या कॉलेजच्या सरनं मले वर्षभर हळूहळू पळवलं. बाकीचे पोट्टे हासत, म्हनत का हा काय बुढ्यावानी पळते. भरतीत ५ मिनिटं १० सेकंदाच्या आत आलो त पुरे २० मार्क भेटले. जे रोज जीव तोडून पळत, त्याइच्यातले दोन झन नडगी धरून बसले होते.

ताई, तुले येकच सांगतो. भरती झाली म्हनून पळनं बंद होत नाही, आपन बंद करतो. मी सुट्टीवर गावी गेलो का शाळेतल्या पोट्ट्याइले घेऊन वावराच्या धुऱ्याधुऱ्यानं पळतो. पन मले वर्षाचं वेळापत्रक लावता येत नाही, कोनाचं रक्त कमी हाय ते समजत नाही. त्याले शिकेल मानूस पायजे. तू शिक. आमच्या गावाकडं असं कोनी नाही.

---

पांदणरस्ता

मॅडम, सर, दादा, सगळ्यांचे आभार. मॅडमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. बाबांनी ‘शर्यत कधी आहे’ एवढंच विचारलं.

दोन गोष्टी विचारते. सिकलसेलची तपासणी गावात कुठे होते? आणि आमच्या जुन्या शाळेचं मैदान लहान आहे, साधारण ९५ बाय ५० मीटर. तिथे मुलांसाठी ट्रॅक आखून द्यायचा आहे. पुस्तकात सरळ भाग ८४.३९ मीटर दिला आहे, तो तिथे बसतच नाही.

---

फक्की

तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. आधी सोल्युबिलिटी टेस्ट, बोटातून थेंबभर रक्त. ती पॉझिटिव्ह आली की एएस आहे का एसएस हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते, ती जिल्ह्याच्या रुग्णालयात होईल. शाळेतल्या मुलांना नेताना आशाताईंना सोबत घे, आणि कुणाचा काय निकाल आला ते मैदानावर बोलू नको. मुलींच्या लग्नाची बोलणी यावरून मोडतात.

आता ट्रॅक. ८४.३९ हा आकडा ४०० मीटरच्या, कडेला उंच कठडा असलेल्या ट्रॅकचा. तिथे ३६.५० त्रिज्येच्या रेषेपासून ३० सेंटिमीटर बाहेर मोजतात. नुसती चुन्याची फक्की असेल तर २० सेंटिमीटर बाहेर मोजायचं, म्हणजे तोच सरळ भाग ८४.७० होतो. पण सहा लेनच्या ४०० ला सुमारे १७३ बाय ८८ मीटर जागा लागते. तुझ्याकडे २०० चाच आख.

त्रिज्या १८ मीटर धर. मोजणी १८.२० वर. दोन्ही अर्धवर्तुळं मिळून ११४.३५ मीटर. २०० मधून उरले ८५.६५, म्हणून प्रत्येक सरळ भाग ४२.८२. लेनची रुंदी १.२२ मीटर. चार लेन आखल्यास लांबी साधारण ८९ आणि रुंदी ४६ मीटर होते, तुझ्या मैदानात बसतं. ५००० मीटरला २५ फेऱ्या. वळणं आखूड आहेत म्हणून हलक्या धावण्याच्या दिवशी अर्धा वेळ उलट्या दिशेने पळव, नाहीतर सारखा एकाच बाजूने ताण येतो.

आखताना आधी मधला चौकोन घे, ४२.८२ बाय ३६. चार कोपऱ्यांना लोखंडी सळ्या ठोक. दोरी घेऊ नको, ती ताणते, पोलादी टेप माग. दोन्ही कर्ण ५५.९४ मीटर भरले तर चौकोन काटकोनात आहे. नसतील तर कोपरा सरकवून पुन्हा मोज, आणि ते जुळल्याशिवाय फक्की टाकू नको. दोन्ही छोट्या बाजूंच्या मध्यावर एकेक सळी ठोकून तिथून १८ मीटरचं अर्धवर्तुळ फिरव. हे काम मेमध्ये उरकून घे, पाऊस लागला की काळ्या मातीत सळ्या जागच्या हलतात आणि सगळं नव्याने मोजावं लागतं.